बारक्याच्या गाडीचे ब्रेक

माझा धाकटा भाऊ आठवीच्या पुढे शिकला नाही. मी दहावी झालो, कल्याणला आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा कोर्स केला, शहापूरला हायवेलगतच्या गॅरेजमध्ये काही वर्षं हात काळे केले आणि पुढे स्वतःचं गॅरेज टाकलं. तिथे भिंतीवर माझं सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं होतं. हे सगळं मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं साळसूदपणे सांगणं मला जमणार नाही. नव्वदच्या दशकात माझ्या त्या आठवी नापास भावाने गावात बसून स्वतःच्या हाताने एक ट्रक बनवला. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते कितीतरी वर्षं थांबलं नाही.

बनवला म्हणजे खरोखरच बनवला. चासी एका जळालेल्या गाडीची, इंजिन टेम्पोचं, मागचा एक्सल जीपचा आणि पुढचा कुठल्या तरी जुन्या छोट्या ट्रकचा. केबिन गावच्या सुताराने ऐनाच्या लाकडाची केली होती आणि तिच्या दाराला घराला असते तशी कडी लावली होती. पासिंगच्या वाटेला ही गाडी कधी गेली नाही, पण आतल्या रस्त्यांवर त्या काळी विचारतंय कोण? पेंढा, विटा, भाताची पोती, जे मिळेल ते ती वाहायची. आसपासच्या गावांतली माणसं मुद्दाम बघायला यायची. एका मास्तरांनी तर शाळेची पोरं रांगेने आणली. मी ते ऐकलं तेव्हा शहापुरात एका ट्रकखाली उताणा पडून गिअरबॉक्स उतरवत होतो. माझ्या गॅरेजसमोर कधी कोणी पोरांची रांग आणली नाही.

पण पोरांचं सोडा, माझं दुखणं वेगळंच होतं. ते म्हणजे आमचा बा.

आमचं गाव मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखऱ्याच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत आहे. बाने जन्मभर भातशेती केली आणि बैलगाडी हाकली. त्याच्याकडे बैलांची कामं ठरलेली असत. उजवा बैल जन्मभर उजव्या बाजूला, डावा डाव्या बाजूला. गोठ्यातसुद्धा तो त्यांना तसेच बांधायचा. लहानपणी आम्ही बैलांच्या तोंडासमोर उभे राहून 'उजवा लंगडतोय' असं काही सांगितलं, की तो ओरडायचा, "गाडीवर बसून बोल!" समोर उभ्या माणसाचं उजवं ते बैलांचं डावं असतं, म्हणून. आमच्या घरात डावं-उजवं हे कायम गाडीवानाच्या बसणीवरून ठरायचं.

हा बा माझ्या गॅरेजमध्ये कधी आला नाही. शहापूरला कोर्टाच्या कामाला एकदा आला, तो बाहेरच्या बाहेर परत गेला. बारक्याच्या ट्रकमध्ये मात्र तो इंजिन बसायच्या आधीपासून रोज संध्याकाळी जाऊन बसायचा. खळ्यावर चार लाकडी ओंडक्यांवर ती नुसती चासी आणि केबिन उभी असायची, आणि हा आत बसून विडी ओढायचा. भावाला आम्ही घरात बारक्याच म्हणायचो. बा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "बारक्याचे हातान देव हाय." मग माझ्या हातात काय आहे, ग्रीस?

बायकोला हे सगळं कळत होतं. "अवो, तुमच्या पोटात दुखतंय," ती म्हणायची. "ओवा देऊ का?" मी तिच्यावर डाफरायचो. पण ती म्हणत होती ते खरंच होतं.

आता एक मागची गोष्ट सांगायला हवी. पुढचा एक्सल आणायला भाऊ मला भिवंडीच्या एका भंगारवाल्याकडे घेऊन गेला होता. ट्रकसाठी त्याने माझी मदत मागितली ती एवढीच, आणि मी गेलो तोही तोंड वाकडं करूनच. एक्सल वेल्डिंगसाठी मुरबाडला जायचा होता, म्हणून दोन्ही चाकांच्या ब्रेक प्लेटी सोडवून वेगळ्या घेतल्या. प्लेट म्हणजे चाकामागची ती गोल थाळी, जिच्यावर ब्रेकचे शू आणि सिलिंडर बसवलेले असतात. गॅरेजमध्ये आम्ही 'ड्रायव्हर साइड' आणि 'क्लीनर साइड' म्हणतो. पण मला वाटलं, याला गॅरेजचे शब्द कुठून कळणार, याला बैलांचंच कळतं. म्हणून मी पांढऱ्या रंगाने एका प्लेटीच्या पाठीवर मोठा 'उ' काढला आणि दुसरीच्या पाठीवर 'डा'. "नीट बसव," मी म्हणालो. "उगाच काय तरी करू नको." तो हो म्हणाला. परत येताना टेम्पोत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.

गाडी रस्त्यावर आली आणि चार-सहा महिन्यांतच गावात बोललं जाऊ लागलं की बारक्याच्या गाडीला ब्रेक कमी आहेत. आमच्या गावातून मुख्य रस्त्याला यायला एक उतार आहे. त्याच्या पायथ्याशी ओढ्यावर फरशी पूल आहे, आणि फरशी ओलांडली की लगेच वळण. भाऊ तो उतार पहिल्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरायचा. गाडीत चाकाखाली टाकायला लाकडाची उटी कायम ठेवलेली असायची. हे सगळं मी लोकांच्या तोंडून ऐकत होतो आणि, लपवत नाही, बरं वाटत होतं. देव आहे ना हातात, मग लाव म्हणावं ब्रेक.

त्याने मुरबाडचा मेकॅनिक आणला. त्याने शूंवरचे लायनर बदलले. मग सरळगावचा आणला. त्याने मास्टर सिलिंडर नवा टाकायला लावला, पाइपांतली हवा काढली. मग कल्याणहून एक मोठा जाणकार आणला. तो म्हणाला, गाडी जोडजोड करून बनवलेली आहे, माल कमी भरा. तीन-तीन मेकॅनिक झाले, पण घरचा मेकॅनिक कोणाला आठवला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण न बोलावता जाणारा मी नव्हतो.

अशात आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा किन्हवलीजवळच्या गावातला, लग्न त्यांच्या दारी. मी लगेच शहापूरहून माझ्या ओळखीच्या दोन जीप ठरवल्या आणि बाला निरोप धाडला. बाचा उलटा निरोप आला, "जीप नको. पोर माझी बारक्याचे गाडीतनं जाईल."

पण ब्रेकशिवाय त्या गाडीत वऱ्हाड बसणार नव्हतं. गावातल्या बायकांनी तसं तोंडावर सांगितलं होतं. लग्नाला आठ दिवस उरले, तेव्हा भाऊ पहिल्यांदाच माझ्या गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. भिंतीवरच्या फ्रेमकडे बघत म्हणाला, "दादा, तू बघतोस का एकदा? नाय झालं तर तुझ्या जीप हायेत."

म्हणजे गोष्ट अशी होती. मला बिघाड सापडला नाही, तर बहीण माझ्या जीपमधून जाईल आणि बाला गप्प बसावं लागेल. सापडला, तर गाडी त्याची, मिरवणूक त्याची. पण शोधणारा मी. किन्हवली, सरळगाव करत गावी जाईपर्यंत एसटीच्या खिडकीशी बसून मी हेच घोळवत होतो. न सापडलेलंच बरं, असं दोनदा तरी मनात आलं. एकीकडे बहिणीचं लग्न, आणि भाऊ म्हणून मी हा असला विचार करत होतो.

खळ्यावर पोचलो तर बा ट्रकच्या हौद्यात पेंढ्यावर बसला होता. मला बघून फक्त म्हणाला, "आलास?"

मी भावाला काहीच विचारलं नाही. आधी गाडी तपासली. पेडल दाबलं तर कडक, खाली बसत नव्हतं. म्हणजे पाइपांत हवा नाही, गळती नाही. लायनर नवे होते, त्यांवर तेलाचा डागही नव्हता. शू ज्यांवर घासतात ते ड्रम गुळगुळीत. पाइप भावाने स्वतः वाकवून बसवले होते. इतक्या सुबक वळणांचे पाइप मी माझ्या गॅरेजमध्येही बघितले नव्हते, आणि त्याचाही मला राग आला. खळ्याबाहेरच्या सपाट रस्त्यावर गाडी चालवून पूर्ण जोराने ब्रेक मारला. गाडी थांबली, पण आपल्या मर्जीने, बऱ्याच पुढे जाऊन. एका बाजूला ओढतही नव्हती. दोन्ही चाकं सारखीच ढिली. एका चाकाचा दोष असता तर गाडी त्या बाजूला तिरकी गेली असती. तीन मेकॅनिकांनी इथेच हात टेकले असणार.

गाडी वळवायला मी मागे घेतली आणि सवयीने ब्रेकवर पाय ठेवला. गाडी खाडकन थांबली. मागे हौद्यात बा पेंढ्यावर कलंडला.

"अरं!" तो ओरडला. "मागं जाताना ती तशीच थांबते. पुढं जाताना आयकत नाय."

"कधीपास्नं?" मी विचारलं.

"पयल्यापास्नं. मला कोन इचारतो?"

मी पुन्हा पुढे घेतली, पुन्हा मागे. पुढे जाताना ढिली, मागे जाताना खाडकन. माझ्या उस्तादांनी कधी तरी सांगितलेलं डोक्यात लख्ख उजळलं. काही गाड्यांच्या पुढच्या चाकांना शू असे बसवलेले असतात, की पुढे जाताना फिरणारा ड्रम त्यांना स्वतःबरोबर ओढून घेतो आणि ते आणखी घट्ट चिकटतात. त्या प्लेटी उलट्या बाजूंना बसल्या, उजवी डावीकडे आणि डावी उजवीकडे, की तोच ड्रम शूंना दूर ढकलतो. मग गाडी फक्त मागे जाताना चांगली थांबते. कंपनीच्या गाडीत अशी चूक झाली तर पाइपच तिथपर्यंत पोचत नाही, लगेच कळतं. पण भावाने पाइप नव्याने, जिथे हवे तिथे पोचतील असे वाकवले होते.

मला इतका आनंद झाला की मी गाडीतून उडीच मारली. भाऊ धावत आला. मी मुद्दाम मोठ्याने बोललो, शेजारच्या अंगणातल्या बायकांनाही ऐकू जाईल असं. "बा, ऐक! तुझ्या लाडक्यानं उजव्याची डाव्याला आणि डाव्याची उजव्याला घातलीय. दोन्ही प्लेटी उलट. तीन मेकॅनिक आणले, पण दोष हितं व्हता!"

बा सावकाश हौद्यातून उतरला, माझ्याकडे बघून हसू लागला. गाड्यांचं काही कळत नसलेला माझा बा म्हणाला, "म्हंजे कुनी तरी समोर उभं राहून डावं-उजवं केलं. गाडीवर बसून नाय केलं."

मी पुन्हा त्या चाकाकडे बघितलं.

भंगारवाल्याच्या आवारातली ती सकाळ मला आठवली. मी त्या जुन्या ट्रकच्या पुढे, बंपर असतो तिथे, गाडीकडे तोंड करून उभा होतो. हातात रंगाचा डबा. माझ्या उजव्या हाताची, म्हणजे गाडीच्या डाव्या चाकाची प्लेट, तिला 'उ'. मी घाईने गाडीखाली शिरलो. उजव्या चाकाच्या प्लेटीच्या पाठीवरचा चिखल फडक्याने पुसला. खाली पांढरा 'उ' होता. माझंच अक्षर, माझा तो खाली लांब ओढलेला फटकारा. भावाने मी लिहिलं तसंच, गाडीवर बसून वाचलं होतं आणि नीट बसवलं होतं.

मी गाडीखालून बाहेर आलो. बोलायला तोंड उघडलंही होतं. पण भाऊच आधी म्हणाला, "मीच, बा. घाईत झालं असंल."

बा म्हणाला, "तुला शिकवलं व्हतं ना रे?"

"व्हतं."

मी गप्प राहिलो. एवढंच. एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोललो नाही. समोर बा माझ्याकडे बघत होता, आणि तशा नजरेने त्याने माझ्याकडे आजवर कधी बघितलं नव्हतं. मला ती नजर सोडवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी प्लेटी अदलाबदल केल्या. उजवं चाक मी उघडलं, डावं त्याने. माझ्या हातातल्या प्लेटीवरचा 'उ' मी डिझेलच्या फडक्याने घासून घासून पुसून टाकला. पाइप नव्याने वाकवायला लागले, ते त्यानेच वाकवले. मग तेल भरून हवा काढली. तो पेडल दाबत होता आणि मी खाली नट ढिला करत होतो. "दाब." "सोड." दोन दिवसांत आमच्यात एवढेच शब्द झाले. ब्रेक मारला तेव्हा गाडी जागच्या जागी थांबली आणि केबिनच्या दाराची कडी खळखळली.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड त्याच ट्रकमधून निघालं. हौद्यात बायका आणि नवरी, केबिनमध्ये भाऊ, बा आणि मी. मला पुढे बस म्हणून बाने स्वतः सांगितलं. उताराच्या पायथ्याशी नेमक्या फरशीवर म्हशी आल्या. भावाने ब्रेक मारला. गाडी म्हशींच्या चार हात अलीकडे थांबली. मागे बायकांनी गाणं मध्येच तोडलं आणि मग हसत पुन्हा सुरू केलं. बाने माझ्या गुडघ्यावर जोरात थाप मारली. "मोठ्यानं काढलं रं हे! तिघं मेकॅनिक झक मारून गेले." मांडवात पोचल्यावर त्याने ही गोष्ट व्याह्यांना सांगितली, व्याह्यांच्या भावाला सांगितली, वाजंत्रीवाल्यांनाही सांगितली. बारक्याने कसं उलटं बसवलं आणि मोठ्याने कसं शोधलं. प्रत्येक वेळी भाऊ शेजारी उभा राहून मान हलवून हसायचा.

त्यानंतर बा माझ्या गॅरेजमध्ये येऊ लागला. दर महिना-दोन महिन्यांनी एसटीने यायचा, स्टुलावर बसायचा, गिऱ्हाइकांना तीच गोष्ट सांगायचा. मला लहानपणापासून जे हवं होतं ते मिळालं, आणि ते ऐकताना दर वेळी मी कुठला तरी पाना शोधायला गाडीखाली शिरायचो. भावाच्या त्या हसण्याचाही मला राग यायचा. वाटायचं, याला एवढं सोपं कसं जातं?

बा गेला. त्यानंतर तीन-एक वर्षांनी, दोन हजार सालानंतरच्या कधी तरी, भावाने कंपनीची नवी पिकअप घेतली आणि जुना ट्रक मोडायला काढला. खोलायला मला बोलावलं, आणि या वेळी सगळ्यांच्या आधी मलाच. खळ्यावर आम्ही दोघंच होतो. पुढची चाकं काढली. माझ्या बाजूची, उजव्या चाकाची प्लेट मी सोडवली आणि उलटी केली. तिच्यावर पांढरा 'डा' जशाच्या तसा होता. लग्नाआधी ही प्लेट डाव्या चाकावर होती, ती भावाने स्वतःच्या हाताने काढली होती. त्याने ती पुसली नव्हती.

मी ती प्लेट हातात धरून उभा राहिलो. म्हणालो, "बारक्या, ही खूण मी घातली होती. भंगारवाल्याकडे."

"ठाव हाय," तो नट डब्यात टाकत म्हणाला. "अक्षर वळखत नाय का मी तुझं?"

"मग तेव्हा बाला का नाय सांगितलंस?"

त्याने केबिनकडे, बा बसायचा त्या बाजूला बघितलं. "कवाचा तू त्याच्यासाठी झुरत व्हतास, दादा. त्या दिशी त्यानं पयल्यांदा तुला हसून बघितलं. मी कसा मोडता घालू?"

मग तो पुन्हा कामाला लागला. मला वाटत होतं मी त्याच्यापेक्षा मोठा आहे, शिकलेला आहे, आणि माझं झुरणं बायकोशिवाय कोणाला दिसत नाही. त्याला ते सगळं पहिल्यापासून दिसत होतं. बाला खरं सांगायला आता उशीर झाला होता. बा त्याला शेवटपर्यंत धांदरट समजत गेला, आणि ते माझ्यामुळे.

मला रडू आलं, हे खरं आहे. पण खरं सांगायचं तर सगळंच सांगायला हवं. त्या प्लेटीकडे बघत उभा असतानाही मला माझ्या भावाचा हेवाच वाटत होता.